२०२२ साली गेलेली माणसं

४ जानेवारी २०२२ रोजी सिंधुताई सपकाळ गेल्या. १७ जानेवारीला कोल्हापुरात एन. डी. पाटील, २२ ला पुण्यात कीर्ती शिलेदार, २७ ला अनिल अवचट. मग २ फेब्रुवारीला रमेश देव आणि ६ फेब्रुवारीला लता मंगेशकर. पाच आठवडेही झाले नव्हते. त्या दिवसांतली मराठी वर्तमानपत्रं आज एकत्र काढून वाचली तर एक गंमत दिसते (गंमत हा शब्द इथे बरा दिसत नाही, पण दुसरा सुचत नाही). दर वेळी एक युग संपलं, दर वेळी कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आणि दर वेळी महाराष्ट्र पोरका झाला. एन. डी. पाटलांसाठी लिहिलेला परिच्छेद नाव बदलून रमेश देवांना लावला असता तरी फारसं कोणाच्या लक्षात आलं नसतं. एकानं आयुष्य रस्त्यावरच्या आंदोलनांत घालवलं, दुसऱ्यानं कॅमेऱ्यासमोर. पण आपल्या शोकाच्या भाषेत दोघं सारखेच दिसत होते.

हे पुस्तक २०२२ साली गेलेल्या माणसांबद्दल आहे. त्यातला एकही लेख मृत्यूच्या आठवड्यात लिहिलेला नाही. संपादकांनी लेखकांना घातलेली ही पहिली अट होती: वर्ष सरत येईपर्यंत थांबा, मग लिहा. ही अट ऐकून काहींनी नाक मुरडलं. शिळ्या शोकाला कोण विचारतो, असा त्यांचा सवाल होता. मला मात्र ती अट आपल्या रीतीला धरून वाटली. आपल्याकडे घरात मृत्यू झाला की वर्षभर ते घर वेगळं असतं. मंगलकार्य पुढे ढकललं जातं. पहिल्या दिवाळीला त्या घरात फराळ करत नाहीत, नातेवाईक आणि शेजारी डबे भरून आणून देतात. वर्षश्राद्ध झालं की घर पुन्हा रुळावर येतं. तोपर्यंत रडणं ओसरलेलं असतं, कपाटं उघडलेली असतात, कागद चाळून झालेले असतात. गेलेल्या माणसाबद्दल घरातले लोक याच सुमाराला खरं बोलू लागतात. तो चिडका होता, हेही सांगतात. त्यानं कोणाचे किती पैसे गुपचूप भरले, हेही सांगतात.

मृत्युलेख नावाच्या या लेखनप्रकाराकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या वाचकासाठी थोडं मागे जायला हवं.

महाराष्ट्रातल्या असंख्य गावांत वेशीपाशी, मारुतीच्या देवळाबाहेर किंवा पाराला टेकून उभे केलेले कोरीव दगड असतात. ते वीरगळ. दगडाचे तीन-चार कप्पे पाडलेले असतात आणि ते खालून वर वाचायचे असतात. सर्वांत खाली लढाई किंवा पडलेला वीर. पुष्कळ ठिकाणी शेजारी गाई कोरलेल्या असतात, म्हणजे हा गावाची गुरं राखताना मेला. मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला वर नेतात. वरच्या कप्प्यात तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो आणि माथ्यावर चंद्रसूर्य असतात. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई आहे. हा आपला सर्वांत जुना मृत्युलेख म्हणायला हरकत नाही. त्यात मेलेला माणूस काय करताना मेला हे स्पष्ट दिसतं, नाव मात्र बहुतेक वेळा नसतं. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळांवर अक्षरच नाही. काम उरलं आणि नाव गेलं. आज आपल्याकडे बरोबर उलट चाललं आहे: नाव, फोटो, बिरुदं सगळं आहे, आणि माणसानं केलं काय हे शोधावं लागतं.

शब्दांतली आठवण सुरू होते ती महानुभाव पंथापासून. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेले, पुढे त्यांचे गुरू गोविंदप्रभूही गेले आणि रिद्धपूरला मागे राहिलेल्या शिष्यांना आठवणींखेरीज काही उरलं नाही. तेव्हा म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडे जाऊन एकेक लीळा गोळा केली. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानलं जाणारं ‘लीळाचरित्र’ असं तयार झालं. त्यात स्वामी काय जेवले, कुठे बसले, कोणाला काय बोलले, कोणावर रागावले हे सारं आहे. एकच प्रसंग दोघांनी वेगवेगळा सांगितला तर दोन्ही पाठ सांगणाऱ्याच्या नावासह ठेवायची शिस्त या पंथाने पाळली. सातशे वर्षांपूर्वीची ही शिस्त आजच्या किती वार्ताहरांना जमेल, याची मला शंका आहे. पुढे नागदेवाचार्य गेल्यावर त्यांच्याही आठवणी एकत्र केल्या गेल्या. त्या ग्रंथाचं नाव ‘स्मृतिस्थळ’. जाता जाता सांगायला हवं की सिंधुताई सपकाळांचा अंत्यविधी याच महानुभाव पंथाच्या रीतीने झाला. त्यांचं दहन झालं नाही, त्यांना पुण्यात भूमीत ठेवलं गेलं. त्या दिवशीच्या बातम्यांत याचा एका ओळीत उल्लेख होता. या संग्रहातला त्यांच्यावरचा लेख तिथूनच पुढे सरकतो.

वारकऱ्यांकडे नामदेव आहेत. १२९६ साली आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, त्या प्रसंगावरचे नामदेवांचे अभंग म्हणजे मित्राच्या जाण्याचं प्रत्यक्ष साक्षीदाराच्या भूमिकेतून केलेलं वर्णन. त्यानंतरच्या बखरी आणि पोवाडे मी इथे ओलांडून जातो. तिथे मरण बहुतेक रणांगणावरचं आहे आणि सांगणाऱ्याचं लक्ष पराक्रमावर आहे. फक्त पानिपताची बातमी सांगणाऱ्या सावकारी पत्राची आठवण ठेवावी. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशेबाच्या भाषेत त्यानं एका पिढीच्या मृत्यूची वार्ता कळवली. आडून बोलल्यामुळेच ती अडीचशे वर्षं विसरली गेली नाही.

आज आपण ज्याला मृत्युलेख म्हणतो तो छापखान्याबरोबर आला आणि टिळकांच्या हातात तो मोठा झाला. १८९५ च्या जूनमध्ये आगरकर गेले तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. टिळक आणि आगरकरांनी एकत्र शाळा काढली, एकत्र ‘केसरी’ काढला, कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. मग सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर दोघांचं बिनसलं. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ साली ‘सुधारक’ काढला आणि दोन्ही पत्रांतून एकमेकांवर असे वार झाले की आज वाचतानाही अंगावर येतात. याच पुण्यात सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. अशा माणसाचा मृत्युलेख त्याच्या सर्वांत मोठ्या प्रतिपक्षाला लिहायचा होता. टिळकांना तो लिहिताना गहिवरून येत होतं, शब्द फुटत नव्हते, अशी आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. टिळकांनी मतभेद पुसले नाहीत. आगरकरांची विद्वत्ता, त्यांचा निःस्पृहपणा, गरिबीत राहून काम करायची जिद्द हे सगळं सांगताना आपण त्यांच्याशी सहमत होतो असं त्यांनी भासवलं नाही. सहा वर्षांनी, १९०१ च्या जानेवारीत न्यायमूर्ती रानडे गेले तेव्हाही असंच झालं. ज्यांच्या सामाजिक परिषदेला टिळकांनी कडाडून विरोध केला, त्या रानड्यांनी महाराष्ट्रात प्राण फुंकले, हे त्यांनी मोकळेपणाने लिहिलं. आपल्या मृत्युलेखाची सर्वांत चांगली परंपरा विरोधकांनी घातलेली आहे, आणि ती आपण सांभाळलेली नाही.

या परंपरेची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे कौतुकच होईल. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव फुले गेले. पुण्यातल्या वजनदार पत्रांनी त्या मृत्यूची जेवढी घ्यायला हवी होती तेवढी दखल घेतली नाही, ही अभ्यासकांची जुनी तक्रार आहे. अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः हातात टिटवं (अंत्ययात्रेत पुढे धरायचं मडकं) धरलं. १८९० सालच्या पुण्यात एका बाईने हे करणं ही केवढी मोठी बातमी! ती आठवण सत्यशोधकांनी जपली म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. कोणाच्या जाण्यावर अग्रलेख येतो आणि कोणाच्या जाण्यावर चार ओळीही येत नाहीत, यावरून त्या काळची पत्रं कोणाला माणूस मानत होती ते कळतं. बायकांचं तर विचारूच नका. बायकांनी बहुधा दुसऱ्यांच्या आठवणी लिहिल्या. रमाबाई रानड्यांनी नवऱ्याच्या पश्चात १९१० साली लिहिलेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्याचं ठळक उदाहरण. त्या पुस्तकात रानडे दिसतात त्यापेक्षा रमाबाई जास्त दिसतात, हे आपलं भाग्य. ही दुखणी काही आपल्या एकट्याची नाहीत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१८ च्या महिला दिनी, आपण पूर्वी ज्यांच्या मृत्यूची दखल घेतली नाही अशा बायकांवर उशिराने मृत्युलेख छापायला सुरुवात केली, तेव्हा त्या पहिल्या तुकडीत आपली मधुबाला होती. ती १९६९ साली गेली होती.

मग अत्रे. मराठी मृत्युलेखाबद्दल बोलताना आचार्य अत्र्यांना टाळून पुढे जाता येत नाही, आणि त्यांच्यापाशी फार थांबणंही धोक्याचं. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी दैनिक ‘मराठा’ सुरू झाला आणि तीन आठवड्यांनी, ६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले. दुसऱ्या दिवशी दादर चौपाटीवर लाखोंच्या समुदायापुढे अत्रे बोलले आणि मग ‘मराठा’तून लिहीत राहिले. नेहरू गेल्यावर तर त्यांनी लेखमालाच लिहिली, ती पुढे ‘सूर्यास्त’ या पुस्तकात आली. ‘समाधीवरील अश्रू’, ‘हुंदके’ ही त्यांच्या मृत्युलेखांच्या संग्रहांची नावंच त्यांची शैली सांगतात. अत्र्यांचं बळ त्यांच्या प्रसंगांत होतं. माणूस कसा बोलायचा, काय खायचा, कोणत्या गोष्टीला खदखदून हसायचा हे ते दोन ओळींत उभं करत. ‘दहा हजार वर्षांत असा झाला नाही’ ही अतिशयोक्ती त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली, पण ती पचली, कारण तिच्यामागे पानभर माहिती असायची. नंतरच्या लोकांनी त्यांच्याकडून फक्त दहा हजार वर्षं घेतली. आजच्या श्रद्धांजल्यांतली निम्मी विशेषणं अत्र्यांच्या कारखान्यातली आहेत, असं मला वाटतं. २०२२ चा संबंध सांगायचा तर सुलोचना चव्हाणांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं तेही अत्र्यांनीच. त्या वर्षाच्या जानेवारीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि १० डिसेंबरला त्या गेल्या.

अत्र्यांना उतारा म्हणावा अशी दुसरी शाळा गोविंदराव तळवलकरांची. ‘महाराष्ट्र टाइम्स’चं संपादकपद त्यांनी १९६८ ते १९९६ सांभाळलं. त्यांच्या मृत्युलेखांत अश्रू नसतात, ग्रंथ असतात. गेलेल्या माणसाने काय वाचलं, काय लिहिलं, तो आपल्या काळाशी कसा झगडला हे ते शांतपणे मांडतात. त्यांच्या ‘पुष्पांजली’त परदेशी विचारवंतही तितक्याच आपुलकीने येतात. कोरडेपणाचा आरोप त्यांच्यावर झाला आणि तो अगदीच खोटा नाही. पण तीस वर्षांनी एखाद्या माणसाबद्दल काही नेमकं शोधायचं असेल तर मी अत्र्यांकडे जात नाही, तळवलकरांकडे जातो.

तिसरी वाट व्यक्तिचित्राची. पु. ल. देशपांड्यांचं ‘गणगोत’, ‘गुण गाईन आवडी’ आणि ‘मैत्र’, सुनीताबाईंचं ‘सोयरे सकळ’, विजय तेंडुलकरांचं ‘हे सर्व कोठून येते?’ ही पुस्तकं मृत्युलेखांची म्हणून लिहिलेली नाहीत. पण माणूस गेल्यावर तो कसा आठवावा याचा वस्तुपाठ मराठी वाचकाला बराचसा तिथून मिळाला. त्याआधी श्री. म. माट्यांनी ‘उपेक्षितांचे अंतरंग’मध्ये ज्यांच्यावर कोणी अग्रलेख लिहिणार नव्हतं अशी माणसं लिहून ठेवली. या वाटेचा दोष असा की लेखक आणि गेलेला माणूस यांच्या मैत्रीतच सगळं आटोपतं. ‘मी आणि तो’ असं सुरू झालेलं लेखन पुष्कळदा ‘मी’वर संपतं. या संग्रहासाठी आलेल्या लेखांपैकी काही परत पाठवले गेले, ते मुख्यतः याच कारणासाठी.

आणि लेखनाच्या बाहेरची आठवण? ती तर याहून मोठी आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. शिवाजी पार्कवर तेव्हा मांडलेले पुस्तकांचे स्टॉल ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे की एका माणसाच्या स्मृतिदिनी एवढी पुस्तकं विकली जाण्याचं दुसरं उदाहरण महाराष्ट्रात नाही. वामनदादा कर्डकांसारख्या कवी-गायकांनी बाबासाहेबांची आठवण गाण्यांतून वस्तीवस्तीत पोचवली. तिथे शोक आणि शिक्षण एकत्र चालतं. दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिराती आहेत: पासपोर्टएवढा फोटो, दशक्रियेचं ठिकाण, ‘शोकाकुल’ या शब्दाखाली मुलं, सुना, लेकी, जावई, नातवंडं. लेखक मंडळी त्यांच्याकडे बघतही नाहीत, पण कोणतं घर कोणत्या गावाहून कुठे गेलं याचा एवढा मोठा दप्तरखाना दुसरा सापडणार नाही. चौकातले फ्लेक्स या बाबतीत निरुपयोगी. त्यांवर गेलेल्या माणसापेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्या नेत्यांचे चेहरे जास्त असतात.

आता हे सगळं आजच का सांगायचं? २३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री विक्रम गोखले गेल्याची बातमी फिरू लागली. काही तासांत नामवंतांच्या श्रद्धांजल्या आल्या, चित्रफिती आल्या, आठवणी आल्या. गोखले तेव्हा पुण्याच्या रुग्णालयात जिवंत होते. कुटुंबीयांना पुढे येऊन तसं सांगावं लागलं. ते गेले २६ नोव्हेंबरला. तेव्हा अनेकांनी आधीचाच मजकूर पुन्हा चढवला. चुका पूर्वीही होत. पण आता मृत्यूची खात्री करण्यापेक्षा आपली श्रद्धांजली आधी पडावी याची घाई मोठी झाली आहे. या गडबडीत गोखल्यांच्या घराची गोष्ट दोन ओळींत उरकली गेली. त्यांची पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई गोखले १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये काम करणाऱ्या, म्हणजे भारतीय पडद्यावरच्या पहिल्या स्त्रिया. ज्या काळी बायकांची कामं पुरुष करत, त्या काळापासून चालत आलेलं एक घराणं त्या दिवशी आणखी एक पाऊल मागे सरलं होतं.

मोठ्या माणसांमध्येही जागेची वाटणी होते. १७ जानेवारीला एन. डी. पाटील आणि कथक नर्तक बिरजू महाराज एकाच दिवशी गेले. १४ ऑगस्टला गुंतवणूकदार राकेश झुनझुनवाला आणि मराठा आरक्षणाचे नेते विनायक मेटे एकाच दिवशी गेले. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पानावर कोणाला किती जागा मिळाली, हे त्या माणसांच्या कामावर ठरलं की पानाच्या गरजेवर, हे वाचकाने स्वतः ताडून पाहावं. आणि त्याच्या आदल्या दोन वर्षांत तर पानंच पुरत नव्हती. करोनात महाराष्ट्रात नोंदले गेलेले मृत्यूच १ लाख ४८ हजारांवर आहेत. त्यांतल्या असंख्य माणसांना खांदा देणारंही कोणी जवळ नव्हतं, शोकसभा तर दूरच. २०२२ मध्ये आपण नामवंतांसाठी इतके मोठ्याने रडलो, त्यात त्या आधीच्या न रडलेल्या रडण्याचा वाटा असावा, असा माझा तर्क आहे.

या पार्श्वभूमीवर हे पुस्तक काय करू पाहतं? थांबण्याच्या अटीखेरीज त्यातल्या लेखकांना आणखी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. ‘पोकळी’ हा शब्द वापरायचा नाही. गेलेल्या माणसाने केलेलं एक तरी काम इतकं जवळून दाखवायचं की न पाहिलेल्यालाही ते कळावं. आणि त्याच्याशी आपला मतभेद असेल तर तो गाळायचा नाही.

यांतल्या दुसऱ्या गोष्टीमुळे काही लेख अनपेक्षित ठिकाणी गेले. लताबाईंवरच्या लेखात दैवी आवाज, गानकोकिळा यांतलं काही नाही. त्यात आहे तेरा वर्षांची मुलगी, जिचं १९४२ साली ‘किती हसाल’साठी ध्वनिमुद्रित झालेलं पहिलं गाणं चित्रपटात आलंच नाही. त्यात आहे ‘आनंदघन’ या नावाने ‘मराठा तितुका मेळवावा’ आणि ‘साधी माणसं’ यांना चाली देणारी संगीतकार. आणि त्यात आहे गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून निर्मात्यांशी भांडणारी, त्याच पायी मोहम्मद रफींशी काही वर्षं अबोला धरणारी व्यवहारी बाई. त्यांच्यावर झालेला मक्तेदारीचा आरोपही लेखकाने तपासला आहे. त्याचा निकाल मला पटला नाही, पण तपासण्याची हिंमत आवडली.

अवचटांवरच्या लेखाचंही तसंच. ओरिगामी, लाकडातलं कोरीवकाम, बासरी यांनी भरलेले अवचट सगळ्यांनी सांगितले. इथे १९६९ च्या ‘पूर्णिया’पासून त्यांची पद्धत उलगडली आहे: हमालाजवळ, निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांजवळ जाऊन बसायचं, आणि दिवसाला काय मिळतं, त्यातून काय खाता, आजारी पडल्यावर काय करता, असे साधे प्रश्न विचारत राहायचं. ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये उभं राहिलं ते ‘गर्द’ या नशेवरच्या त्यांच्या लेखनामागून, आणि ते रोजच्या रोज चालवलं डॉ. सुनंदा अवचटांनी, ही गोष्ट लेखात ठळक आली आहे. अवचट प्रश्न दाखवतात, पण त्यामागच्या राजकारणापाशी जात नाहीत, हा लेखकाचा आक्षेप आहे. अवचटांनी तो हसून ऐकून घेतला असता असं मला वाटतं. सिंधुताईंच्या बाबतीत लेखिकेने त्यांची आयुष्यकथा पुन्हा सांगायचं टाळलं, कारण ती त्यांनी स्वतः व्यासपीठांवरून इतक्यांदा आणि इतकी उत्तम सांगितली होती. त्याऐवजी व्याख्यानांच्या मिळकतीवर अनाथ मुलांचा संसार चालतो कसा, याचा हिशेब तिने विचारला आहे. कीर्ती शिलेदारांवरच्या लेखात ‘स्वरसम्राज्ञी’ हे नाटक आहे, आणि घरच्या नाट्यसंस्थेचा डोलारा सांभाळताना लागणारी रोजची घासाघीसही आहे.

काही लेखांत नावं नाहीत. कुटुंबांनी तशी विनंती केली किंवा संपादकांना ते योग्य वाटलं. त्यांतला मला सर्वांत आवडलेला लेख एका जुन्या छापखान्यातल्या कंपोझिटरवरचा आहे. देवनागरीच्या शेकडो खिळ्यांच्या केसेस, त्यात न बघता फिरणारा हात, उलटी अक्षरं सरळ वाचायची सवय. रात्री उशिरा कोणी मोठा माणूस गेल्याची बातमी आली की लावलेला मजकूर काढून नवा मजकूर जुळवायचा. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांचे मृत्युलेख एकेक अक्षर करून लावले. डीटीपी आल्यावर त्याचं काम गेलं आणि तो वीस-पंचवीस वर्षं एका दुकानात हिशेब लिहीत राहिला. तो गेल्याची बातमी कुठेच आली नाही. त्याच्यावरचा लेख या पुस्तकात एन. डी. पाटलांवरच्या लेखाच्या शेजारी आहे. ही मांडणी मुद्दाम केलेली आहे, आणि एन. डीं.ना ती आवडली असती.

उणिवा आहेत. विदर्भ आणि मराठवाडा यांतली माणसं कमी आहेत, बायका निम्म्या नाहीत, खेळाडू जवळजवळ नाहीत. नागनाथ कोत्तापल्ल्यांवर अधिक विस्ताराने यायला हवं होतं, ते ३० नोव्हेंबरला गेले आणि वर्षाच्या शेवटी गेलेल्यांच्या वाट्याला नेहमी येतं ते त्यांच्याही वाट्याला आलं. इला भट्ट अहमदाबादच्या, पण त्यांच्या ‘सेवा’ या संघटनेच्या कामाचे धागे महाराष्ट्रातल्या असंघटित बायकांपर्यंत येतात म्हणून त्यांचा समावेश आहे, त्यावर काहीजण हरकत घेतील. घ्यावी.

संपादकांचा विचार असा संग्रह दर वर्षी काढायचा आहे. तो जमायचा तर वाचकांनी हात लावायला हवा. तुमच्या गावातलं, तालुक्यातलं, कारखान्यातलं कोणी या वर्षात गेलं असेल तर त्याच्या घरी वर्षाच्या आत जा. त्याची पत्रं, वह्या, हिशेबाची पुस्तकं, फोटो रद्दीत जायच्या आधी पाहा, आणि ज्यांनी त्याच्याबरोबर काम केलं त्यांना आत्ताच विचारून ठेवा. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर दोन्ही, सांगणाऱ्यांच्या नावांसह, लिहून पाठवा.